जनरेटरही आगोटीच्या यादीत



वैशाख सरत आला की आपल्या पावस, गोळप, गणेशगुळे, पूर्णगड या सगळ्या पट्ट्यात घरोघरी एकच यादी सुरू होते. लाकडं पडवीत आली का? कौलं शाकारून झाली का? आमसुलं वाळली का? आंब्याची साठं, कुळथाचं पीठ, सुकी मासळी, मिठाची बरणी, सगळं जागेवर गेलं का? ही आपली आगोटीची तयारी. आज मी तुम्हाला या यादीत आणखी एक नाव लिहायला सांगणार आहे. ते आहे जनरेटरचं.

आता कोणी म्हणेल, जनरेटर हे बायकांचं काम आहे का? त्याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, नाहीतर बागेत, नाहीतर समुद्रावर. लाइट जाते तेव्हा घरात असतो आपण. जो घरात असेल त्याला यंत्र कळलं पाहिजे. मलाही ते कळत नव्हतं. ते कसं कळलं, ते आधी सांगते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते आपल्या उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पण दापोली-मंडणगडची कशी धूळधाण झाली ते आपण पाहिलंय. तिकडच्या काही गावांत लाइट यायला कित्येक आठवडे गेले. आमच्या दापोलीच्या नातेवाइकांचे हाल ऐकून ह्यांनी त्याच वर्षी गणपतीआधी दोन केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा जनरेटर घेतला. गणपतीत दोन दिवस चालवला. मग वर प्लॅस्टिक टाकून, घट्ट बांधून, पडवीच्या कोपऱ्यात ठेवून दिला. टाकीत पेट्रोल तसंच होतं. आम्हाला वाटलं, चला, आता काळजी मिटली.

पुढच्या मे महिन्यात, १६ तारखेला, रविवारी, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, आंबे पडले, खांब वाकले, लाइट गेली. ह्यांनी जनरेटरची दोरी ओढली. एकदा, दहादा, तीसदा. खांदा भरून आला, पण यंत्र काही बोलेना. नऊ महिने न वापरलेलं पेट्रोल आत सुकून त्याचा चिकट थर झाला होता आणि कार्ब्युरेटरचं बारीक छिद्र बुजलं होतं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका मुलाने कार्ब्युरेटर खोलून साफ केला, तेव्हा कुठे तो सुरू झाला.

इथे पहिला धडा. जनरेटर चालवून बिघडत नाही, उभा राहून बिघडतो. पण खरा धडा अजून पुढेच होता.

बाहेर पाऊस होता. यंत्र भिजेल म्हणून आम्ही ते मागच्या पडवीत ठेवलं. पडवीला अर्धी भिंत आणि वर वाऱ्यापावसासाठी झापं बांधलेली. वायर आत घ्यायची म्हणून माजघराचं दार उघडं. पुढची दारं-खिडक्या पावसामुळे बंद. फ्रिज चालू झाला, पंखा फिरला, सगळ्यांना हायसं वाटलं.

तासाभराने सासूबाई म्हणाल्या, ‘डोकं जड झालंय गो.’ मग धाकटीला मळमळायला लागलं, उलटी झाली. माझंही डोकं ठणकायला लागलं. दिवस कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे. आमच्या मनात दुसरं काय येणार? ऑक्सिमीटर काढला, सासूबाईंच्या बोटाला लावला. आकडा आला ९७. म्हटलं, चला, ऑक्सिजन चांगला आहे, झोपू दे त्यांना.

मी गुरांना बघायला गोठ्यात गेले. तिथे वीसेक मिनिटं होते. डोकं हलकं झालं. परत माजघरात आले, तर पाव तासात पुन्हा तेच. तेव्हा मनात आलं, बाहेर गेलं की बरं आणि घरात आलं की वाईट, असा कसला हा कोरोना? पडवीकडे बघितलं. धूर सरळ दारातून आत येत होता. यंत्र बंद केलं, सगळी दारं सताड उघडली आणि सासूबाईंना उचलूनच पुढच्या ओटीवर आणलं. त्या नीट बोलायला लागल्या तेव्हा मध्यरात्र झाली होती. डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत होतं. मी त्यांना ‘झोपू दे’ म्हणून तशीच सोडली असती तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराला वास येतो, पण या वायूला येत नाही. म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका गेला असं नाही. आपलं रक्त ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट या वायूला धरून ठेवतं, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आणि बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला हा वायू धरलेलं रक्त आणि ऑक्सिजन धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही. म्हणून तो ९७ दाखवत राहतो. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे एक लक्षात ठेवा. जनरेटर चालू असताना घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, चक्कर आली, मळमळलं, तर ऑक्सिमीटरकडे बघू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग यंत्र बंद करा. कोणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा आणि जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाहेर आल्यावरही साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. म्हणून बरं वाटतंय म्हणून लगेच आत जाऊन झोपायचं नाही.

तर मग जनरेटर ठेवायचा कुठे? घरापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर. धुराचं तोंड दारा-खिडक्यांकडे नको, शेजारच्या घराकडेही नको. पडवी नको, गोठा नको, न्हाणी नको, खिडकी उघडी ठेवलेली खोलीही नको. मग पावसाचं काय? आम्ही खळ्याच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा हातभर उंच चौथरा केला, चार खांब उभे केले, वर पत्रा टाकला. चारी बाजू मोकळ्या. घरापर्यंत चांगली जाड, बाहेर वापरायची तीन तारांची वायर, तिसरी तार अर्थिंगची. आपल्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून ते एकदा वायरमनकडून तपासून घ्या. आणि ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून यंत्राला हात लावू नका.

आता दुसरा धोका. हा आपल्या घरातल्यांना नाही, दुसऱ्याच्या घरातल्या माणसाला आहे. पुष्कळ ठिकाणी एक जुगाड करतात. वायरच्या दोन्ही टोकांना पिना लावायच्या, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. सगळ्या घरात लाइट येते, खर्च शून्य. पण ही वीज घरातच थांबत नाही. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती उलटी मीटरमधून बाहेर खांबावर जाते. आपल्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टची वीज उतरवून घरात देतो. वीज उलटी गेली तर तोच ट्रान्सफॉर्मर ती वर चढवतो. तिकडे भर पावसात महावितरणचा वायरमन लाइन मेलेली समजून खांबावर चढलेला असतो. वादळानंतर ही माणसं आपल्यासाठी रात्रंदिवस राबतात. आपल्या घरच्या पंख्यापायी त्यांच्यातल्या कोणाचा जीव जाता कामा नये. आणि त्या वायरची मोकळी पीनसुद्धा जिवंत असते. ती पोराच्या हाताला लागली तर?

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एकीकडे केला की महावितरणची वीज, दुसरीकडे केला की जनरेटरची, मध्ये ठेवला की दोन्ही बंद. दोन्ही एकदम जोडल्या जाणं शक्यच नाही. तो लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या. आमच्याकडे त्याच्या तिन्ही बाजूंना रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘लाइन’, ‘बंद’, ‘जनरेटर’. सासूबाईंनाही चष्म्याशिवाय वाचता येतं.

आता भार किती टाकायचा? दोन केव्हीएचं यंत्र म्हणजे धरा साधारण सोळाशे वॅट. पाच एलईडी दिवे, प्रत्येकी नऊ वॅटचे, झाले ४५. तीन पंखे, झाले दोनशेच्या आसपास. फ्रिज दीड-दोनशे. एवढं आरामात चालतं. पण ज्याच्यात मोटर आहे ते सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त ओढतं. एक एचपीचा विहिरीचा पंप चालताना हजार वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना तिप्पट-चौपट. म्हणून दोन केव्हीएवर तो बहुधा उचलणारच नाही. पंपासाठीच जनरेटर हवा असेल तर घेण्याआधी पंपावरच्या पाटीचा फोटो काढून दुकानात दाखवा. आणि सुरू करताना क्रम पाळा. आधी यंत्र रिकामं सुरू करायचं, दोन मिनिटं गरम होऊ द्यायचं, मग मोटरचं जे काही असेल ते एकेक करून, शेवटी दिवे-पंखे. बंद करताना आधी सगळा भार काढायचा, मग यंत्र.

रात्रभर चालवायचीही गरज नाही. फ्रिज उघडला नाही तर चार तास थंड राहतो. सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन तास चालवलं तर मोबाइलही चार्ज होतात आणि पेट्रोलही पुरतं. वादळात पंपावर रांगा लागतात, हे विसरू नका. घरात कोणाचं इन्सुलिन असेल तर सील न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, पण त्या गोठता कामा नयेत. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. वापरात असलेल्या बाटलीचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आत्ताच, लाइट असताना, विचारून ठेवा.

आता निगा. मी दर पौर्णिमेला यंत्र चालवते. तारीख विसरते, पौर्णिमा विसरत नाही. वीस मिनिटं, आणि रिकामं नाही, भारावर. इस्त्री लावते, दोन पंखे लावते. भार असला की इंजिन नीट तापतं आणि आतला दमटपणा निघून जातो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे फार महत्त्वाचं. सेल्फ स्टार्टचं यंत्र असेल तर बॅटरीही त्यामुळे चार्ज राहते.

सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी बघायची. यंत्र सपाट जागेवर हवं. पट्टी पुसायची, पुन्हा घालायची, काढून बघायची. ऑइल कमी तर भरायचं, पण खुणेच्या वर नाही. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल साधारण २० तासांनी बदलतात, त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. तुमच्या यंत्राची पुस्तिका काय सांगते ते प्रमाण माना. पुस्तिका देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवा, म्हणजे सापडेल. मी एका वहीत लिहिते, किती वाजता सुरू केलं, किती वाजता बंद केलं, ऑइल कधी बदललं. दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तशीच.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, दोन थेंब इंजिन ऑइल लावून पिळून बसवायचा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलकेच झटकायचा, नाहीतर बदलायचा.

पेट्रोल ही सगळ्यात मोठी दुखणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा? म्हणून महिन्याहून जास्त पेट्रोल टाकीत ठेवू नका. महिनाभराचं पेट्रोल काढून स्कूटरमध्ये ताज्यात मिसळून संपवता येतं. आणि दर वेळी यंत्र बंद करताना मी स्विच दाबत नाही. भार काढते, पेट्रोलचा कॉक बंद करते आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप विझेपर्यंत चालू देते. त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये थेंब उरत नाही. या एका सवयीने आमचं यंत्र त्यानंतर कधी अडलं नाही. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, पंधरा मिनिटं निवल्यावर. जवळ चिमणी नको, मेणबत्ती नको. उजेडाला बॅटरी घ्या.

आणि ते प्लॅस्टिक काढून टाका. प्लॅस्टिकखाली घाम धरतो आणि गंज चढतो. जुन्या लुगड्याचं किंवा चादरीचं आवरण घाला. धुराच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, पंख्याच्या जाळीत पाल शिरते, वायर उंदीर कुरतडतो. दर पौर्णिमेला आधी या तीन जागा बघायच्या.

एवढं करूनही यंत्र सुरू झालं नाही तर? दोरी ओढत बसू नका. क्रमाने बघा. एक, टाकीत पेट्रोल आहे का, आणि ते किती दिवसांचं आहे. दोन, कॉक उघडा आहे का. तीन, इंजिनाचा स्विच चालूवर आहे का. हसू नका, अर्ध्या वेळा तेवढंच असतं. चार, ऑइल. बऱ्याच यंत्रांत ऑइल कमी झालं की इंजिन सुरूच होऊ नये अशी सोय असते. ऑइल पुरेसं असूनही जमीन उतरती असेल तर ते तसंच वागतं. पाच, चोक. गार यंत्राला चोक लावायचा, तापलेल्याला नाही. सहा, स्पार्क प्लग. पान्याने काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं, कोरडं असेल तर चांगलं. काळं, ओलं असेल तर पुसून, वाळवून लावा. नवा प्लग घरात एक असू द्याच, तो काही महाग नाही.

सुरू होतं पण लगेच विझतं, तर टाकीच्या झाकणावरची हवेची फट बुजली आहे का ते बघा. आवाज एकसारखा न येता वर-खाली होत राहिला तर कार्ब्युरेटरमध्ये कचरा असतो, तिथे मेकॅनिकला बोलवा. काळा धूर आला तर एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक लागलेला राहिलाय. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय, बहुधा जास्त भरलं गेलंय. इंजिन छान चालतं पण वीज नाही, तर आधी यंत्रावरचाच ब्रेकर पडलाय का बघा, मग चेंजओव्हरचा दांडा बघा. दोन्ही बरोबर असतील तर आतली दुरुस्ती आहे. फार दिवस पडून राहिलं की आतली चुंबकशक्ती उतरते, ती मेकॅनिक पुन्हा भरून देतो. तिथे आपण स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही.

मैत्रिणींनो, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण लोणच्याला फडकं बांधतो, मिठाला कोरडी बरणी शोधतो, पावसाआधी महिनाभर. मग या यंत्राचाही एक दिवस धरा. या आठवड्यात घरच्या सगळ्यांना गोळा करा. प्रत्येकाला एकदा दोरी ओढू द्या, दांडा फिरवू द्या. म्हाताऱ्या माणसांना सांगा, चौदा वर्षांच्या मुलीला सांगा. यंत्र घराच्या बाहेर, धूर घराच्या उलट दिशेला. एवढं त्यांना झोपेतही आठवलं पाहिजे.

सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. लाइट गेली की अजूनही पहिला प्रश्न त्यांचाच असतो. ‘गो, तो बाहेर आहे ना?’ मी म्हणते, ‘हो आई, चौथऱ्यावर आहे.’ मगच त्या पंखा लावू देतात.